खुर्ची फिरवायची ती मामानंच

भावानं तुला काय दिलं, असं कुणी विचारलं की मी सांगते, सायकलवर बसवायची लोखंडाची खुर्ची दिली. ऐकणारे हसतात. त्यांच्या लेखी भाऊ म्हणजे साडीचोळी, फार तर चांदीचे पैंजण. मला साडीचं काय कौतुक? आमच्या वडगावच्या घरात दोन माग चालत होते आणि विणून झालेल्या साड्यांवर मांजर झोपायचं. लोखंडाची खुर्ची मात्र आख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

मी मूळची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. आई गेली तेव्हा मी परकरातली पोर आणि भाऊ नुकता पाय टाकायला लागलेला. वडील घरी आले की त्यांच्या कपड्यांना तंबाखूचा असा भपकारा यायचा की भावाला शिंकांवर शिंका. मग तो माझ्याच कुशीत शिरायचा. मी त्याला कडेवर मारून पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, शाळासुद्धा त्याच्यापायी सोडली. सोडली म्हणजे रडत नाही सोडली, मला शाळेचं तसं वावडंच होतं. पण पोर माझं होतं, कुणी जन्म दिला ते दिला. माझं लग्न होऊन मी वडगावला निघाले तेव्हा निपाणीच्या स्टँडवर यानं बसच्या दाराचा दांडा धरून ठेवला. "आक्का, मी बी येतो," एवढं एकच त्याचं चाललेलं. कंडक्टरनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

आणि खरंच आला की. दहावीच्या गणितानं त्याला दोनदा घरी बसवलं, तेव्हा वडील म्हणाले, जा बाबा आक्काकडं, तिथं काहीतरी शीक. गावाबाहेर मच्छ्याला कारखान्यांच्या शेड उठत होत्या. त्यातल्या एकीत तो वेल्डिंग शिकायला लागला. सकाळी डबा घेऊन सायकलनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा. त्याच्या खाकी सदऱ्याला ठिणग्यांनी बारीक बारीक भोकं पडलेली असायची. मी म्हणायची, "लेका, तुझा सदरा हाय का पुरणाची चाळण?" तो म्हणायचा, "वारं खेळतंय गं, बरं असतंय."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस होते, हे मी आज स्पष्ट सांगते. नवरा होता, सासू होती, पोटात पोर होतं आणि दारात भाऊ होता. आणखी काय लागतं बाईमाणसाला? लागतं म्हणा पुष्कळ, पण तेव्हा मला काही लागत नव्हतं.

आमच्या घराची एक गंमत होती. वीज आली की दोन्ही माग सुरू व्हायचे आणि मग कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. आमचे हे तर लहानपणापासून त्याच खडखडाटात वाढलेले. बोलणं त्यांना जमायचंच नाही. पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाशी, कांड्या संपल्या तर दोन बोटं हवेत. मी कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायची आणि त्यांच्या हातांकडं बघायची. लग्नाला दोन वर्षं झाली तरी नवऱ्याचा आवाज मला नीट ओळखता आला नसता. पोरगं झालं तेही असंच. मागाच्या आवाजात मस्त झोपायचं आणि वीज गेली, सगळं गप्प झालं, की दचकून उठायचं. विणकराच्या घरातली सगळी पोरं तशीच असतात. वीज गेली की गल्लीभर पोरांची रड सुरू.

मग हे सायकल काढायचे. तसंही वीज नसताना करायचं काय? पोराला टॉवेलात गुंडाळून सायकलच्या नळीवर बसवायचं, एका हातानं धरायचं, एका हातानं हँडल. भावानं ते एकदा बघितलं आणि तो जाम भडकला. "भावजी, खड्ड्यात चाक गेलं तर पोरगं कुठं जाईल?" ह्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही तळवे वर केले. भावानं माझ्याकडचं सुताचं एक टोक तोडलं, पोराची पाठ मोजली, मांडी मोजली, धाग्याला गाठी मारल्या आणि तो धागा खिशात घालून कामाला गेला.

आठवड्याभरात खुर्ची आली. सळया वाकवून केलेली, बसायला वेताची वीण, कंबरेला बांधायला मागाचा जुना चामडी पट्टा. खाली नळीला धरणारी पकड आणि तिला दोन बोल्ट. बोल्ट सैल केले की खुर्ची उचलून कुठल्याही तोंडानं बसवता यायची, आप्पाकडं, म्हणजे पोराच्या बापाकडं, किंवा रस्त्याकडं.

झालं, आमच्या घरात आणि घराबाहेर वाद सुरू झाला की पोराचं तोंड कुणीकडं करायचं. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. त्या म्हणाल्या, "रस्त्याकडं न्हाय. वारं लागतंय, कान धरत्यात. शिवाय रस्त्यावर शंभर डोळं. लागंल नजर." सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, मान धरली की पुढं तोंड करायचं, पोराला जग दिसू दे. शेजारची कानडी मावशी म्हणाली, दात येईपर्यंत थांबा. दातांचा आणि सायकलचा काय संबंध, ते तिला विचारायची माझी छाती नव्हती. शेवटी भावानंच निकाल दिला. "जावळ होईस्तोवर आप्पाकडं तोंड. जावळ झालं की रस्त्याकडं. त्या दिवशी ह्ये बोल्ट मीच खोलणार. मामा हाय मी, दुसऱ्या कुणी पान्याला हात लावायचा न्हाय."

ते सगळ्यांना पटलं. जावळ म्हणजे बाळाचे पोटातले केस पहिल्यांदा उतरवायचे, आणि ते मामाच्या मांडीवर बसवूनच. मामा पाटावर, भाचा मामाच्या मांडीवर, मग न्हाव्याची कात्री. आमच्याकडं ते पहिल्या वर्षाच्या आत करतात. तेव्हा चुकलं तर तिसऱ्या वर्षात, मग पाचव्यात. समवर्षी करत नाहीत. आमचं काही चुकणार नव्हतं, मामा तर घरातच भाकरी खात होता.

पण मच्छ्याच्या शेडमध्ये कुणी एजंट आला आणि मस्कतला वेल्डर पाहिजेत म्हणाला. भावाचं नाव लागलं. इतकं घाईत झालं सगळं की निपाणीला जाऊन वडिलांच्या पाया पडायलाही त्याला एकच दिवस मिळाला. पोरगं तेव्हा नुकतं बसायला लागलं होतं. मी म्हटलं, "जावळ तरी करून जा." तो म्हणाला, "इतक्या लवकर कशाला? एक वर्षाचा करार हाय. पहिल्यात चुकलं तरी तिसऱ्यात करू. कुणाला हात लावू देऊ नगंस." सकाळी त्यानं सदरा धुऊन दोरीवर टाकला होता. तो वाळायच्या आत तो गेला. मी संध्याकाळी सदरा काढला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. त्या दिवशी मी जेवले नाही. कुणी जेव म्हणालंही नाही, आत्तींना कळत होतं.

मग रोज संध्याकाळी नवरा आणि पोरगं सायकलवर, एकमेकांकडं तोंड करून. मला वाटायचं, हा मुका माणूस आणि ते बोलता न येणारं पोर काय करत असतील? एकदा शहापूरच्या व्यापाऱ्याकडं साड्या पोचवायच्या होत्या आणि मला डोळा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून मी मागं कॅरिअरवर बसले, साड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. आणि मी ऐकतच राहिले. माझा नवरा बोलत होता. सगळा रस्ता बोलत होता. "आता चढ येतोय बग, आप्पाला दम लागणार. आता एक म्हैस येती, काळी हाय, ती तुज्या उजव्या हाताला जाईल. गेली, दिसली? आता उसाचा रस. आता शाळेची पोरं येत्यात, दंगा हाय." पोराची पाठ रस्त्याकडं होती ना, म्हणून पुढं काय येणार ते बाप आधी सांगायचा, आणि मग ते बाजूनं मागं जाताना पोराला दिसायचं. पोरगं त्याच्या ओठांकडं असं बघत होतं की मला माझ्याच पोराचा हेवा वाटला. मला कधी कुणी येणारी म्हैस आधी सांगितली नव्हती.

वर्ष सरलं. मामा आला नाही. कंपनीनं करार वाढवला असं पत्र आलं. ठीक आहे, म्हटलं, तिसऱ्यात.

पोराचे केस वाढत गेले. आधी कानावर, मग मानेवर, मग खांद्यावर. उन्हाळ्यात घामोळं उठायला लागलं तेव्हा मी वेणी घालायला सुरुवात केली. लाल रिबिनीची घातली, कारण घरात तीच होती. शहापूरच्या व्यापाऱ्याच्या बायकोनं पोराच्या हातात काचेच्या बांगड्या चढवल्या आणि म्हणाली, किती गोड पोरगी आहे. हे काही बोलले नाहीत. बोलणार कसे, समोर पोरगं एकटं थोडंच होतं. बांगड्या घातलेल्या पोराला तसंच घरी घेऊन आले. आत्ती हसून हसून खाली बसल्या.

शेजारची कानडी मावशी रोज सकाळी पाणी भरताना विचारायची, "तम्मा यावाग बर्तान?" धाकटा भाऊ कधी येतोय? मी म्हणायची, "बर्तान, बर्तान." येतोय, येतोय. कानडी मला तेवढंच सफाईदार येत होतं.

पोरगं वाढलं तसे पायही वाढले. खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी ते लोंबायचे आणि पायडल मारताना ह्यांच्या गुडघ्यांना लागायचे. मग हे गुडघे बाहेर काढून बेडकासारखी सायकल चालवायला लागले. सायकल दुरुस्तीवाला ओरडायचा, "अहो, फिरवा की खुर्ची. आता पोरगं थोरलं झालं." हे घरी येऊन माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, "मामा येणार हाय दिवाळीला."

मामा दिवाळीला येणार होता, खरंच. तसं पत्र आलं होतं. मी भिंती सारवल्या, पोराला जरीची टोपी आणली, न्हाव्याला सांगून ठेवलं. वसुबारस गेली, पाडवा गेला, भाऊबीज आली. ताट तयार करून मी दारात बसले. दुपारी निपाणीहून वडील आले, एकटेच. म्हणाले, "त्यो न्हाय येत. रजा द्यायला साहेब तयार न्हाय म्हणं, पासपोर्ट त्यांच्याकडंच हाय." मला इतका राग आला की काय सांगू. कंपनीवर नव्हे, कंपनीला मी कुठं ओळखत होते. राग आला त्याच्यावर. मनात म्हटलं, बसचा दांडा धरून रडणारा तूच ना रं, मग आता तिथला दांडा सोड की आणि ये. ओवाळायचं निरांजन मी विझवून टाकलं. नंतर देवघरात जाऊन मनसोक्त रडले. राग काय नि आठवण काय, माझ्यात दोन्ही एकाच भांड्यात असतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे पोरासकट सायकलवरनं पडले. शहापूरच्या एका वळणावर समोरून टांगा आला. ह्यांनी हँडल वळवलं, ते पोराच्या कोपराला अडलं, आणि सायकल, नवरा, पोरगं, साड्या सगळं गटारीच्या कडेला. पोराची हनुवटी फुटली. टाके पडले. नवरा घरी आला तो पोराला खांद्यावर टाकून, आणि दोन्ही माग चालू असताना मला त्याचा आवाज ऐकू आला, इतक्या मोठ्यानं बोलला. "उद्या मी फिरवतो खुर्ची. तुज्या भावाची वाट बगत पोराचं हातपाय मोडून घ्यायचं न्हाय मला."

मी म्हटलं, "फिरवायची न्हाय."

"मग काय करू?"

"काढून ठेवा. चालंल पोरगं. पाय दिल्यात देवानं."

त्यांनी खरंच काढून ठेवली. खुर्ची भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि आमचं बोलणं बंद झालं. आधीही फारसं नव्हतं, पण हातवारेही बंद झाले. कांड्या संपल्या तर ते स्वतः उठून घ्यायचे. संध्याकाळी वीज गेली की पोरगं सायकलपाशी जाऊन उभं राहायचं आणि आप्पा, आप्पा म्हणून रडायचं. हे बाहेर निघून जायचे, पायी.

लोक म्हणाले, बाईचा हट्ट. असेल. पण मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. जावळ झालं, खुर्ची फिरली, की भावासाठी राखून ठेवलेलं माझ्या घरात काहीच उरत नव्हतं. तोवर तो नुसता उशिरा येणारा मामा होता. नंतर तो परदेशात गेलेला एक माणूस झाला असता. तेवढं मला सोसणार नव्हतं.

आत्ती मोठ्या हुशार. त्यांनी दुसरा मार्ग काढला. "ह्याच्या चुलतभावाचा मेव्हणा हाय, तुला बहीण मानतो. त्याला बसवू पाटावर. मामा न्हाय म्हणून कुणाची जावळं राहत्यात व्हय?" मी म्हटलं, "आत्ती, ज्याला मामा न्हाय त्याला मानलेला बसवत्यात. माज्या पोराला मामा हाय." त्या म्हणाल्या, "हाय, पण कुठं हाय?" मी तोंड फिरवलं. मग त्या जरा वेळानं म्हणाल्या, "हट्ट तुजा आणि हाल पोराचं. तिसरं वर्ष संपलं की मग पाचवं. पाचव्यापतोर त्या खुर्चीत मावंल तरी का?"

त्यावरही मी ताठच राहिले असते. पण एके दिवशी मी पोराची वेणी घालत होते. गाठ पडली होती, ओढलं की ते कळवळायचं. मी सवयीनं म्हटलं, "जरा थांब, मामा आला की सगळं जाईल." पोरगं उठलं, पळालं आणि मागाच्या मागं जाऊन लपलं. मी विचारलं, काय झालं रे? आतनं रडत म्हणालं, "मामा नगं. मामा कापतोय."

मी तिथंच बसून राहिले. आमच्या घरात दोन वर्षं काय बोललं जात होतं? मामा आला की केस कापणार. मामा आला की खुर्ची फिरवणार. मामाला कळलं तर. पोराला मामा आठवतच नव्हता, त्याची मांडी आठवत नव्हती, कामावरनं येताना तो घालायचा त्या शिट्ट्या आठवत नव्हत्या. त्याला मामा म्हणजे कात्री घेऊन येणारं काहीतरी. माझ्या लाडक्या भावाचा मी माझ्याच पोरासाठी बागुलबुवा करून ठेवला होता. ज्याच्यासाठी सगळं अडवून धरलं, त्याचंच नाव घेतलं की पोर लपायला लागलं.

आत्ती दारातनं ऐकत होत्या. त्या आत आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "त्याचा सदरा हाय न्हवं तुज्याजवळ?"

मी म्हटलं, "हाय."

"मग तू बस पाटावर. मांडीवर सदरा पसर. आई नसताना त्याला तूच वाढीवलास. मामाच्या जागी मामाची आई बसली तर देव काय इचारतोय?"

तसंच केलं. सोमवारचा दिवस होता, माग बंद ठेवले. मी पाटावर बसले, मांडीवर तो भोकाभोकांचा खाकी सदरा पसरला आणि त्यावर पोराला घेतलं. न्हावी कात्री काढून थबकला. "बाई, मांडी मामाची लागती." आत्ती म्हणाल्या, "सदरा दिसतोय न्हवं? तुज्या कात्रीला कुणाची मांडी ती कळती व्हय? चालव." त्यानं चालवली. पोरानं गल्ली डोक्यावर घेतली. मी त्याच्या कानात सांगत राहिले, ही मामाची मांडी हाय, मामा धरतोय तुला, मामा कापत न्हाय, मामा धरतोय. माझ्या नणंदेनं केस पदरात झेलले. पहिली बट सदऱ्यावर पडली तेव्हा मात्र मला हुंदका आवरला नाही आणि मग न्हावी, नणंद, आत्ती, सगळ्यांनीच डोळे पुसले.

आंघोळ झाली, टोपी चढली, पुरणाची पोळी पोटात गेली. मग मी खिळ्यावरची खुर्ची काढली आणि ह्यांच्याकडं पाना मागितला. ते म्हणाले, "मी बसवतो." मी म्हटलं, "न्हाय. मीच." बोल्ट गंजले होते. त्यांनी तेल सोडलं आणि बाजूला उभे राहिले. माझ्या हाताला दोन फोड आले, पण खुर्ची मी बसवली, रस्त्याकडं तोंड करून.

पोराला बसवलं. त्यानं हँडल दोन्ही हातांनी धरलं, इकडं तिकडं बघितलं आणि मान वळवून आप्पा मागं आहे का ते पाहिलं. निघाले दोघं. गल्लीच्या निम्म्यापर्यंत ते पोर सारखं मागं वळून बघत होतं. मग समोरून काहीतरी आलं असावं, कारण ते पुढं बघायला लागलं आणि पुन्हा वळलं नाही. मी दारात उभी होते. भाऊ गेला त्या दिवशीही मी तिथंच अशी उभी होते.

हे परत आले, सायकल भिंतीला लावली. रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाले, "त्याला आता सगळं आधीच दिसतंय. मी काय सांगू?" मी वाढता वाढता म्हटलं, "मला सांगा की." त्यांनी वर बघितलं. त्या दिवसापासून वीज गेली की हे घरात थोडं थोडं बोलायला लागले. अगदीच थोडं, पण लागले.

भावाला मी लिहवून कळवलं की जावळ तुझ्या सदऱ्यावर झालं. त्याचं उत्तर आलं, बरं केलंस आक्का. खुर्चीबद्दल मी काही लिहवलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. मग मस्कतनंतर दुसरा देश, दुसरी कंपनी. वडील गेले तेव्हाही त्याला येता आलं नाही. पत्रं येत होती, रेडिओ आला, अत्तराच्या बाटल्या आल्या. मी त्या कधी उघडल्या नाहीत, मला त्याच्या वेल्डिंगच्या जळक्या वासाचीच आठवण यायची.

तो आला तेव्हा पोरगं मराठी शाळेत चौथीत होतं. रिक्षातनं उतरलेला माणूस मला आधी ओळखूच आला नाही. पोट सुटलेलं, कपाळ मागं गेलेलं, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. "आक्का," म्हणाला, आणि मग ओळखला. मी त्याला धरलं आणि रस्त्यातच रडले. सगळी गल्ली बघत होती, बघू दे म्हटलं. पोरगं पाया पडलं आणि लाजून म्हणालं, "मामा, तुम्ही कवा निघालात?" तुम्ही म्हणालं. भावानं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, बारीक कापलेल्या केसांवरनं.

जेवण झाल्यावर तो मागच्या परड्यात गेला. तिथं सायकल होती, तीच. नळीचा रंग जिथं पकडीनं खरवडला होता तिथं त्यानं बोट ठेवलं. "खुर्ची?"

"दिली. शेजारच्या सुनेला पोरगं झालं तवा. मग तिनं आणि कुणाला दिली."

"फिरवलीस कवा?"

"जावळाच्याच दिवशी."

त्यानं नळी मुठीत धरली. तेवढ्यात पोरगं आलं. "मामा, जरा सोडता का, मला दळण आणायचंय." भावानं हात काढला. पोरानं नळीखालनं पाय घातला, तिरकी होऊन सायकल चालली आणि ते बोळातनं बाहेर पडलं. आम्ही दोघं त्याच्या पाठीकडं बघत राहिलो.

मग भाऊ म्हणाला, "आक्का, तिथं मी डोळं मिटलं की पोरगं आप्पाकडं तोंड करून बसलेलंच दिसायचं. जावळ झालं म्हणून पत्र आलं, तरी तसंच दिसायचं. इतकी वर्षं. मला वाटलं, तेवढ्यापुरती तरी तू थांबशील."

मी त्याचा हात हातात घेतला. भाजल्याचे जुने डाग त्यावर होते, तेवढे मात्र माझ्या ओळखीचे.

"मी थांबलीच होती रं," मी म्हटलं. "पोरगं थांबलं न्हाय."